फाट्यापासून दारापर्यंत : वस्तीवरचे घर रात्री सापडावे कसे?

पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून या वेळी आलेली बरीचशी पत्रे एकाच अडचणीविषयी आहेत. गरज पडल्यावर रुग्णवाहिका, अग्निशमन बंब किंवा पोलिसांची गाडी गावापर्यंत येते. परंतु गावापासून मळ्यातल्या घरापर्यंतचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर तिला सापडत नाहीत. म्हणून हे सदर या वेळी त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमचे घर जुन्नर तालुक्यात, गावठाणापासून बरेच दूर मळ्यात आहे. मागच्या पावसाळ्यात एका रात्री आईला अर्धांगवायूचा झटका आला. रुग्णवाहिका लगेच निघाली, पण मळ्यांच्या वाटांवर फिरत राहिली. शेवटी माझा भाऊ मोटारसायकलवर जाऊन तिला घेऊन आला. आमच्या दारावर घरपट्टीचा क्रमांक रंगवलेला आहे आणि फोनवर आम्ही गट क्रमांकही सांगितला होता. मग चुकले कोठे?

उत्तर : आपले काही चुकले नाही आणि चालकाचेही चुकले असे वाटत नाही. आपण सांगितलेले दोन्ही क्रमांक खरे आहेत, पण ते वाट दाखवण्यासाठी दिलेलेच नाहीत. गट क्रमांक महसूल खात्याच्या नकाशावर असतो. तो नकाशा चालकाजवळ नसतो, शिवाय एकाच गटात भावाभावांची चार घरे चार बांधांवर असू शकतात. घरपट्टीचा क्रमांक ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील नोंदीचा असतो. घरे जशी नोंदवली गेली तसे क्रमांक पडत गेले, त्यामुळे ३७ क्रमांकाच्या घराला लागून ४१२ क्रमांकाचे घर असणे गावात नवलाचे नाही. वसुलीला येणारा शिपाई माणसे ओळखतो, म्हणून त्याचे अडत नाही. रात्री प्रथमच येणाऱ्या माणसाला मात्र त्या क्रमांकावरून पुढे जावे की मागे फिरावे, एवढेही कळत नाही.

दुसरी गोष्ट अशी की आपण फोन करतो तेव्हा पलीकडे बोलणारी व्यक्ती आपल्या तालुक्यातली नसते. राज्याची १०८ ही रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली आणि तिचे नियंत्रण केंद्र पुण्यात उभे राहिले. ११२ या पोलीस-अग्निशमनासह सर्व आणीबाणीच्या क्रमांकावरचे फोन नवी मुंबई आणि नागपूर येथील केंद्रांत घेतले जातात. ‘वडगाव’ एवढेच सांगितले, तर पुणे जिल्ह्यातच वडगाव मावळ, वडगाव आनंद, वडगाव कांदळी, वडगाव काशिंबेग, वडगाव रासाई आणि वडगाव निंबाळकर अशी गावे पुढे येतात. ठाकरवाडी किंवा शिंदेमळा तर कितीतरी गावांत आहेत. म्हणून पत्ता नेहमी वरून खाली सांगावा : जिल्हा, तालुका, गाव, मग कोणत्या रस्त्यावरचा कोणता फाटा, फाट्यापासून किती अंतर, वळण उजवीकडे की डावीकडे. ‘डीपीपासून आत’ किंवा ‘चारी ओलांडली की’ या खुणा त्यानंतर सांगाव्यात, कारण डीपी आणि चारी प्रत्येक मळ्यात असते.

आता मुख्य मुद्दा. आपला क्रमांक दारावर आहे, पण गाडी चुकते ती दारात नव्हे, वळणावर चुकते. घराचा क्रमांक दारात जाऊन वाचावा लागत असेल, तर तो वाचण्याची गरज तोपर्यंत संपलेली असते. जुन्नर, आंबेगाव आणि शिरूरच्या बागायती पट्ट्यात ही अडचण ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात ऊस तुटून गेल्यावर जे घर डांबरी रस्त्यावरून स्पष्ट दिसते, तेच घर पावसाळ्यानंतर दहा-बारा फूट उंच उसात पूर्ण झाकले जाते आणि त्याच्या अंगणातला दिवासुद्धा रस्त्यावरून दिसत नाही. त्यामुळे पाटी कोठे लावायची हे मे महिन्यात ठरवू नये. ऊस उभा असताना, रात्री, गावाबाहेरून येणाऱ्या दिशेने गाडी चालवत यावे आणि चालकाला जेथे जेथे ‘आता कुठे?’ असा प्रश्न पडेल, त्या प्रत्येक ठिकाणी पाटी असावी. आपल्या बाबतीत बहुधा मुख्य रस्त्यावरच्या फाट्यावर एक, पाणंद दुभंगते तेथे एक आणि आपल्या वाटेच्या तोंडाशी एक अशा तीन पाट्या लागतील. पहिल्या दोन संपूर्ण वस्तीच्या कामाच्या आहेत, तेव्हा तो खर्च शेजाऱ्यांनी मिळून करावा.

पाट्या लागेपर्यंत, आणि लागल्यानंतरही, आपल्या भावाने केले तेच पहिल्या मिनिटापासून करावे. फोन ठेवताच एका माणसाने विजेरी घेऊन फाट्यावर जावे आणि ज्या मोबाइलवरून फोन केला तो नातेवाइकांना कळवण्यात गुंतवू नये, कारण चालक त्याच क्रमांकावर परत फोन करतो. अर्धांगवायूत रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही तपासणीनंतर आणि मोठ्या रुग्णालयात. तेथे पोहोचण्याचा वेळ याच साडेचार तासांतून जातो, म्हणून मळ्यात गेलेली वीस मिनिटे लहान समजू नयेत.

प्रश्न : पाटी कशाची करावी? आमच्या इंदापूर तालुक्यात बाजारपेठेतले दुकानदार ‘रेडियम’ लावून देतात. ते पुरेसे आहे का?

उत्तर : नंबरप्लेटच्या दुकानांत ‘रेडियम’ या एकाच नावाने दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक साधा रंगीत चिकट कागद असतो, जो दिवसा चांगला दिसतो आणि रात्री काळवंडतो. दुसरा खरा परावर्तक कागद असतो. त्यात काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा लोलक असतात आणि ते दिव्याचा प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवतात, म्हणून गाडीच्या दिव्यात तो चालकाला झळकताना दिसतो. दुकानातच मोबाइलची विजेरी डोळ्याजवळ धरून कागदावर प्रकाश टाकावा. कागद लख्ख उजळला तरच घ्यावा. अंधारात आपोआप चमकणारा रंग घेऊ नये, कारण त्याची चमक संध्याकाळनंतर काही तासांत उतरते आणि फोन करण्याची वेळ पहाटे तीनची असू शकते.

अंकांच्या आकाराविषयी अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा एक नियम येथे उपयोगी पडेल. तेथील ‘इंटरनॅशनल फायर कोड’नुसार घराचा अंक किमान ४ इंच उंच असावा, त्याची रेघ किमान अर्धा इंच जाड असावी, अंक आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत ठळक फरक असावा आणि घर रस्त्यावरून दिसत नसेल तर क्रमांक रस्त्याकडेला खांबावर लावावा. माझा सल्ला फाट्यावरच्या पाटीसाठी ६ इंचांचा राहील. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. ४ इंचांचा अंक ढोबळमानाने ४० मीटरवरून वाचता येतो, म्हणजे चालकाला वाचून वेग कमी करायला चार सेकंदही मिळत नाहीत. हिरव्या किंवा निळ्या पार्श्वभूमीवर पांढरे अंक रात्री उत्तम दिसतात.

पाटी रस्त्याला समांतर न लावता काटकोनात लावावी आणि दोन्ही बाजूंनी लिहावी, म्हणजे गाडी कोणत्याही दिशेने आली तरी वाचता येईल. उंची जमिनीपासून चार ते पाच फूट पुरे, कारण दिव्याचा झोत त्याहून वर फारसा जात नाही. तिच्यापुढचे गवत श्रावणात कापावे लागेल, हे मात्र ज्याच्या बांधाला पाटी असेल त्याने अंगावर घ्यावे. गळीत हंगामात ट्रॉलीबाहेर आलेला ऊस कडेच्या पाट्या मोडून टाकतो, यासाठी खांब रस्त्यापासून थोडा आत, शक्यतो आपल्या हद्दीत रोवावा. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या रस्त्याच्या हद्दीत रोवायचा असेल तर त्यांची परवानगी घ्यावी. महावितरणच्या खांबाला पत्रा ठोकू नये, ते जिवावर बेतू शकते.

प्रश्न : मी पुरंदर तालुक्यातील एका ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. सर्व वाड्या-वस्त्यांवरील घरांना एकाच पद्धतीने क्रमांक द्यावेत असा विषय आम्ही ग्रामसभेपुढे आणणार आहोत. क्रमांक देण्याची पद्धत कोणती ठेवावी आणि निधी कोठून मिळेल?

उत्तर : हा विषय ग्रामसभेत येतो आहे याचा मनापासून आनंद झाला, कारण एकेका घराने लावलेल्या पाटीपेक्षा सबंध गावाने स्वीकारलेली पद्धत कितीतरी अधिक उपयोगी पडते. मात्र घरे मोजून १, २, ३ असे क्रमांक देऊ नका. दोन घरांच्या मध्ये उद्या तिसरे घर उभे राहिले की १७/अ, १७/अ/१ असे फाटे फुटू लागतात आणि काही वर्षांत पुन्हा घरपट्टीच्या यादीसारखाच गुंता होतो.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांच्या ग्रामीण भागात वेगळी पद्धत आहे आणि आपल्या विरळ वस्तीला ती चांगली लागू पडते. तेथे घराचा क्रमांक म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून त्या घराच्या वाटेपर्यंतचे अंतर असते. दर १० मीटरला एक अंक पुढे सरकतो; डावीकडच्या घरांना विषम आणि उजवीकडच्यांना सम क्रमांक मिळतात. समजा, आपल्या गावात ‘दत्तमळा रस्ता, १८४’ असा पत्ता झाला. फाट्यावर वळलेल्या चालकाला गावातील कोणालाही न विचारता कळते की १.८४ किलोमीटर जायचे आहे आणि वाट उजव्या हाताला आहे. गाडीतला किलोमीटरचा काटाच त्याला घरापर्यंत आणतो. पाटी पडली, उसाने झाकली किंवा धुके असले तरी अंतर खोटे ठरत नाही. मध्ये नवे घर झाले तर त्याच्या अंतराचा क्रमांक आधीच ठरलेला असतो, जुन्या कोणाचाही बदलावा लागत नाही. अंतर मोटारसायकलच्या काट्यावर मोजू नका, तो शंभर मीटरच्या खालचे नीट सांगत नाही. मोजणीचे चाक किंवा लांब टेप वापरा.

यासाठी आधी प्रत्येक पाणंद आणि वाडीरस्त्याला नाव असावे लागते आणि खरा वेळ येथेच जाईल. लोकांच्या तोंडी असलेले नावच शक्यतो कायम करा, म्हणजे फोनवर घाबरलेल्या माणसाच्या तोंडून तेच नाव बाहेर पडेल. एक अपवाद आहे. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आहे. आपल्याकडे अशी वस्ती असेल तर पाटीवर नवे नावच यावे, ते वस्तीतल्या लोकांनी सुचवलेले असावे आणि ते रूढ व्हावे म्हणून मुलांच्या दाखल्यांपासून दवाखान्याच्या नोंदवहीपर्यंत सगळीकडे वापरले जावे. नाव कागदावर बदलले आणि तोंडी जुनेच राहिले, तर अपमानही कायम राहतो आणि आणीबाणीत गोंधळही होतो.

आपल्याच तालुक्यातील सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजणीचा पथदर्शी प्रयोग झाला, हे आपणास ठाऊक असेलच. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली. त्यातून मिळालेले नकाशे भूमी अभिलेख कार्यालयातून जरूर पाहावेत, परंतु ती मोजणी गावठाणापुरती आहे; रुग्णवाहिका चुकते ती गावठाणाबाहेरच्या मळ्यांत. ती यादी आपल्यालाच करावी लागेल. आशाताई, पोलीस पाटील आणि वायरमन या तिघांना एकत्र बसवले तर एकही घर सुटणार नाही, कारण या तिघांचे पाय प्रत्येक दारापर्यंत गेलेले असतात. ऊसतोड कामगारांच्या कोप्या आणि मेंढपाळांचे तळ यादीत येत नाहीत. त्यांच्या नेहमीच्या जागांनाही अंतराचा क्रमांक द्या. आजारपण तेथेही येते, आणि पत्ता सांगता न येणारी माणसे तेथे अधिक असतात.

निधीसाठी हे काम गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात घेऊन वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाशी न बांधलेल्या) निधीतून करता येईल का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून लेखी तपासून घ्या. ग्रामनिधी आणि लोकवर्गणी हे मार्ग आहेतच. सर्व पैसे एकदम नसतील तर आधी फाट्यांच्या पाट्या करा, घरांच्या नंतर. काम झाल्यावर यादी आणि नकाशा यांच्या प्रती प्राथमिक आरोग्य केंद्र, पोलीस ठाणे, जवळचे अग्निशमन केंद्र आणि आपल्या भागात उभ्या राहणाऱ्या १०८ रुग्णवाहिकेचे डॉक्टर व पायलट (म्हणजे चालक) यांना समक्ष नेऊन द्या, आणि त्यांना दिवसाउजेडी एकदा सर्व वाटा फिरवून आणा. ज्यांच्यासाठी क्रमांक लावले त्यांनाच ते ठाऊक नसतील, तर झालेला सारा खर्च वाया जाईल.

प्रश्न : मी कोथरूडला राहते. वृद्ध आई-वडील मावळातल्या घरी एकटेच असतात. मोबाइलवरून लोकेशन पाठवता येते, आता डिजिपिनही आला आहे. मग पाटीची गरज आहे का?

उत्तर : दोन्ही हवे. टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या सहकार्याने तयार केलेला डिजिपिन २७ मे २०२५ रोजी सर्वांसाठी खुला झाला. संपूर्ण देशाचे साधारण ४ मीटर लांब-रुंद चौकोन पाडून प्रत्येकाला अक्षरे आणि अंक मिळून दहा चिन्हांचा संकेत दिलेला आहे. पिनकोड ही श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी आणि टपाल अधिकाऱ्याची देणगी. १५ ऑगस्ट १९७२ पासून त्याने टपालाची फार मोठी सोय केली, पण एका पिनकोडात अनेक गावे येतात, त्यामुळे घर शोधायला तो पुरत नाही. डिजिपिन अंगणापर्यंत नेतो. तरीही घाबरलेल्या वृद्ध व्यक्तीने दहा चिन्हे फोनवर न चुकता सांगावीत, ही अपेक्षा मोठी आहे. मावळात पावसाळ्यात वीज जाते, फोन उतरतो, रेंज जाते आणि नकाशा अनेकदा ओढ्यापलीकडच्या बंद वाटेने घर दाखवतो.

आपण कोथरूडहून करण्यासारखे काम असे आहे. पुढच्या भेटीत अंगणात उभे राहून घराचे लोकेशन आणि डिजिपिन स्वतःच्या फोनमध्ये जतन करा. पूर्ण पत्ता, फाट्यापासूनचे अंतर, डिजिपिन, दोन शेजाऱ्यांचे क्रमांक आणि वडिलांची चालू औषधे ठळक अक्षरांत एका कागदावर लिहून तो फोनजवळच्या भिंतीवर लावा. आईंना तो एकदा मोठ्याने वाचायला लावा, म्हणजे अक्षर पुरेसे मोठे आहे की नाही ते कळेल. फोन आधी तुम्हाला आला तर १०८ ला आपणच पुण्यातून फोन करा, पण रुग्ण मावळात आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.

प्रश्न : रस्त्यावर पाटी लावली तर चोरांना घर दाखवल्यासारखे होईल, असे आमच्या शिरूरच्या वस्तीवर काहीजण म्हणतात.

उत्तर : ही भीती खरी आहे, वस्तीवर राहणाऱ्यांनी ती अनुभवलेली आहे. म्हणून पाटीवर रस्त्याचे नाव आणि क्रमांक एवढेच असावे. घरमालकाचे नाव, फोन किंवा व्यवसाय नको. अंतराच्या क्रमांकावरून घरात कोण राहते, किती माणसे आहेत, हे कळत नाही. उलट पोलिसांची गाडी त्याच पाटीमुळे लवकर पोहोचते. पुणे जिल्ह्यातील अनेक गावे ग्रामसुरक्षा यंत्रणेशी जोडलेली आहेत, तिच्यावर केलेला एक फोन क्षणात गावभर ऐकू जातो. त्या संदेशात ‘दत्तमळा रस्ता, १८४’ असे असले, तर धावून येणाऱ्यांना बिबट्या किंवा चोर नेमके कोणत्या घरी आहेत हे विचारत बसावे लागत नाही. आपले गाव जोडलेले आहे का, ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

प्रश्न : आम्ही भोर तालुक्यातील डोंगरवस्तीवर राहतो. गाडीचा रस्ता खालीच संपतो, पुढे पायवाट आहे. आमच्यासाठी पाटीचा काय उपयोग?

उत्तर : आपल्याला ती इतरांपेक्षा जास्त लागते, फक्त तिच्यावरचा मजकूर वेगळा असेल. जेथे गाडी थांबते त्या जागेला नाव आणि क्रमांक द्या, तेथे वस्तीचे नाव, पायवाटेचे अंतर आणि चढून यायला लागणारा अंदाजे वेळ लिहा, आणि फोनवर घराचा नव्हे तर त्या जागेचा पत्ता सांगा. नाहीतर चालक पुढे रस्ता असेल या समजुतीने गाडी आत घालतो आणि अरुंद वाटेवर अडकतो. पायवाट दुभंगते तेथे दगडावर पांढऱ्या रंगाने बाण काढावेत आणि ते दर पावसाळ्यानंतर पुन्हा रंगवावेत. रुग्णाला डोलीतून खाली आणणारी माणसे कोण, हे आधीच ठरलेले असावे आणि आरोग्य उपकेंद्राकडून एक घडीचे स्ट्रेचर वस्तीवर ठेवायला मिळते का, याची लेखी मागणी करावी. गर्भवती स्त्रिया आणि लहान बाळांसाठी १०२ ची गाडी असते. बाळंतपणाची तारीख जवळ आली, विशेषतः पावसाळ्यात, तर कळा सुरू होण्याची वाट न पाहता त्या बाईला आधीच खाली नातेवाइकांकडे किंवा आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवण्याचे आशाताईंशी बोलून ठरवा.